चोक ओढा, कान द्या!

सकाळचे पावणेआठ. इंग्लंडमधल्या रीडिंगची एक शांत गल्ली. शेजारीपाजारी बटण दाबून आपापल्या गाड्यांतून भुर्रकन निघून गेलेत. आणि आमचा मित्र? ऑफिसची बॅग फुटपाथवर ठेवून, बॉनेट उघडून उभा!

गाडी आहे १९७२ची एमजीबी रोडस्टर. दोन सीट, कापडी छप्पर, लांबलचक नाक. तुम्ही म्हणाल, रविवारी मिरवायची चीज. छे! मूळचा सांगलीचा हा सॉफ्टवेअरवाला रोज तिनेच ऑफिस गाठतो. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर एमजीबी बनल्या. त्यामुळे स्पेअर पार्ट्सची चणचण नाही. बॉडीचा नवाकोरा सांगाडासुद्धा मिळतो!

पण मागच्या उन्हाळ्यात मॅडम रुसल्या. सकाळी झटक्यात स्टार्ट. वीस मिनिटांनी मिसिंग सुरू, मग ठप्प! अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नव्हतं. प्लग बदलले, गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ करून घेतले, खिसाही साफ झाला. दोन मीटिंगा हुकल्या. एकदा तर मोटरवेच्या कडेला, शेजारून ट्रक धडधडत जात असताना तासभर उभं राहावं लागलं. बायको म्हणाली, ‘‘आता पुरे. विकून टाक.’’ जाहिरातीचा मजकूरही तयार झाला.

तेवढ्यात सांगलीहून बाबा आले.

बाबांनी बावीस वर्षं अँबॅसिडर चालवलेली. बॉनेट उघडताच ते हसले, ‘‘अरे, हे तर आपलंच इंजिन!’’ खोटं नव्हतं ते. अँबॅसिडर वर्षानुवर्षं धावली ती १४८९ सीसीच्या ‘बी-सीरीज’ इंजिनावर. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. थोरला भाऊच म्हणा ना!

बाबांनी पान्याला हातच लावला नाही. आधी प्रश्न : ‘‘गार असताना बंद पडते की तापल्यावर?’’ मग चावी फिरवायला लावून डिकीपाशी कान दिला. टिक-टिक-टिक... आणि शांत. म्हणजे इलेक्ट्रिक पेट्रोल पंप ठीक. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की तो आपोआप थांबतो. टिकटिक थांबलीच नाही तर समजावं, टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळती आहे.

‘‘मोटरवे नको, घराभोवतीच फेऱ्या मारू,’’ बाबा म्हणाले. तिसऱ्या फेरीत गाडी बंद पडली. गरम असतानाच प्लग काढून स्पार्क पाहिला. निळा कडक हवा, तो पिवळा आणि मरतुकडा! म्हणजे पेट्रोल निर्दोष, गडबड करंटची. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं, तर पॉइंट जळून काळे पडलेले.

‘‘कंडेन्सर बदल.’’

अंगठ्याएवढा हा डबा. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडू नये, कॉइलचा जोर प्लगपर्यंत पोहोचावा, हे त्याचं काम. आतून खराब झाला की गार असताना शहाण्यासारखा वागतो, तापला की दगा देतो. किंमत पिझ्झ्याहून कमी! नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची गॅप. तेव्हापासून गाडी वाटेत थांबलेली नाही.

ब्रिटनमध्ये मे २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना ‘एमओटी’ ही वार्षिक तपासणी माफ आहे. हा पठ्ठ्या मात्र दरवर्षी स्वखुशीने ती करून घेतो. कायद्याने सोडलं तरी ब्रेक थोडेच सोडणार आहेत?

रोज चालवायची असेल तर...
* रविवारची वीस मिनिटं तिची : ऑइल, पाणी, ब्रेक फ्लुइड, टायरची हवा.
* अ‍ॅक्सिलरेटर दाबताच अडखळते? कार्बोरेटरच्या डॅशपॉटमधलं ऑइल बघा.
* दिवे मंद? बल्ब बदलण्याआधी अर्थिंगचे जोड घासून साफ करा.
* हिवाळ्यात तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. गाडी खालून धुवा. उघड्या गाडीची ताकद दारांखालच्या सिलमध्ये असते, आणि गंज आधी तिथेच लागतो.
* तिकडच्या पंपांवर २०२१पासून साधं पेट्रोल म्हणजे ‘ई१०’. त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं. जुन्या गाडीला ‘ई५’च पाजा.

जाहिरात डिलीट झाली. बाबा सांगलीला परतले. पूर्वी बापलेकांचा रविवारचा फोन ‘जेवलास का, थंडी आहे का’ एवढ्यावर दोन मिनिटांत संपायचा. आता अर्धा तास चालतो. आणि पहिला प्रश्न ठरलेला :

‘‘काय रे, पंप वाजतोय ना?’’