पन्हाळा : गडावरचे नांदते गाव

गड म्हटला की ढासळलेला तट आणि गुडघाभर गवत आपल्या डोळ्यांपुढे येते. कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवरचा पन्हाळा तसा नव्हे. येथे तटाच्या आत चुली पेटतात, शाळेची घंटा होते, नगरपरिषदेचा कारभारही चालतो.

बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने हा गड वसविला. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले ते येथूनच. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ मावळ्यांनिशी तो परत घेतला. पुढे ताराबाईंनी येथे राजधानी थाटली. १७२९ साली मोरोपंत जन्मले तेही येथेच. ते पुढे बारामतीस गेले. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापुरास गेली. गड उतरण्याची ही रीत जुनीच म्हणावयाची!

ती अद्याप मोडलेली नाही. २००१ च्या शिरगणतीत येथे ३,४५० माणसे होती. २०११ मध्ये ३,१२१. शहरातल्या दोन-चार गल्ल्यांतही एवढी वस्ती सहज भरेल.

२०२५ मध्ये पन्हाळ्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. दगड आता जपले जातील. परंतु अंबरखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही प्रचंड कोठारे मुळात बांधली होती ती वेढ्यात अडकलेली माणसे जगावीत म्हणून. वारसा सांभाळताना तो सांभाळणारी घरेही गडावर राहिली पाहिजेत. नाहीतर तट शाबूत आणि गाव मात्र नाही, असे व्हावयाचे.