कृष्णवर्णीय लघु-अनुबोधपट, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आफ्रिकी वंशाच्या चित्रपटनिर्मात्यांनी आपल्या समाजाचे जीवन, स्मृती व स्वत्व यांचा शोध घेण्यासाठी निर्माण केलेले अल्प लांबीचे वास्तवदर्शी चित्रपट. ‘लघु’ या शब्दाची व्याप्ती संस्थेगणिक बदलते. ऑस्कर पारितोषिके देणारी अकादमी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतच्या चित्रपटास लघुपट मानते. दूरचित्रवाणीवर अर्धा तास किंवा एक तास हे सोयीचे माप ठरले. त्यामुळे या परंपरेत काही मिनिटांपासून सु. एक तासापर्यंतच्या कृती आढळतात. कथापटासाठी लागणारे भांडवल, चित्रपटगृहे व वितरणव्यवस्था ज्यांच्या हाती नव्हती, त्यांना हाच प्रकार आवाक्यातला होता. तथापि केवळ अल्प खर्च हे त्याच्या वाढीचे कारण नव्हे. आपल्या समाजाचे चित्रण कोणी करावयाचे, त्याची जुळणी कोणी करावयाची आणि अखेर ते कोणाच्या ताब्यात राहावयाचे, हा प्रश्न या चित्रपटांच्या मुळाशी आहे.

पूर्वपीठिका : डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) या मूकपटाने चित्रपटाच्या तंत्रात मोठी भर घातली. पण त्यात कृष्णवर्णीय पुरुष हिंस्र व कामांध रंगविला होता आणि कू क्लक्स क्लॅन या दहशतवादी संघटनेचा गौरव केलेला होता. ऑस्कर मिशो (१८८४–१९५१) यांनी ‘विदिन अवर गेट्स’ (१९२०) यासारख्या कथापटांतून वेगळे चित्र मांडले. वास्तवचित्रणाच्या क्षेत्रात काम झाले, ते अधिक शांतपणे. ओक्लाहोमातील बाप्टिस्ट धर्मोपदेशक सॉलोमन सर जोन्स (१८६९–१९३६) यांनी १९२४ ते १९२८ या काळात १६ मिमी. कॅमेऱ्याने आपल्या भागातील कृष्णवर्णीय गावांचे व वस्त्यांचे चित्रण केले. त्यांची २९ मूक रिळे उपलब्ध आहेत. चर्चमधून बाहेर पडणारी माणसे, शाळेतील मुले, दुकाने, मिरवणुका व अंत्ययात्रा असे रोजचे जीवन त्यांत दिसते. टल्सा शहरातील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती १९२१ मध्ये गोऱ्यांच्या जमावाने जाळली होती. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत घेतलेल्या या चित्रणातून पुन्हा उभा राहिलेला समाज दृष्टीस पडतो, म्हणून त्याचे ऐतिहासिक मोल मोठे आहे.

लेखिका व मानवशास्त्रज्ञ झोरा नील हर्स्टन (१८९१–१९६०) यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेकडील संस्थानांत लोककथा गोळा करताना मुलांचे खेळ व श्रमिकांचे जीवन यांचे चित्रण केले. १९४० मध्ये दक्षिण कॅरोलायनातील बोफर्ट येथील एका चर्चमधील उपासनेच्या चित्रणातही त्यांचा सहभाग होता. जोन्स व हर्स्टन यांच्यापैकी कोणीही व्यवसायाने चित्रपटनिर्माते नव्हते. पण ज्या माणसांत आपण वावरतो त्यांचीच नोंद ठेवण्याची पुढील काळातील वृत्ती त्यांच्या कामात प्रथम दिसते.

दूरचित्रवाणीचा काळ : सु. १९६० च्या सुमारास हलके कॅमेरे व त्यांच्याशी जुळणारी ध्वनिमुद्रण यंत्रे प्रचारात आली आणि रस्त्यावर, सभेत वा घरात चित्रण करणे शक्य झाले. १६ मिमी. फितीचे ४०० फुटी रीळ सु. ११ मिनिटे चाले. त्यामुळे काय टिपावयाचे व काय सोडावयाचे याचा निर्णय जागच्या जागी घ्यावा लागे. याच सुमारास मॅडेलिन अँडरसन यांनी नागरी हक्कांच्या लढ्यावरील ‘इंटिग्रेशन रिपोर्ट वन’ (१९६०) हा सु. २० मिनिटांचा अनुबोधपट तयार केला. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा पहिला अनुबोधपट मानला जातो.

१९६७ मधील शहरी दंगलींनंतर नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात वृत्तमाध्यमांवर ठपका ठेवला : ती जगाकडे गोऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहतात व कृष्णवर्णीयांचे दैनंदिन जीवन त्यांत उमटत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘ब्लॅक जर्नल’ ही मासिक कार्यक्रममालिका सुरू झाली. ती कृष्णवर्णीयांनी, कृष्णवर्णीयांसाठी चालविलेली मालिका म्हणून जाहीर झाली होती. पण तिची सूत्रे गौरवर्णीय निर्मात्याकडे होती. या विसंगतीविरुद्ध कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी ऑगस्टमध्ये राजीनामे दिले आणि कार्यकारी निर्मातेपद विल्यम ग्रीव्ह्‌ज (१९२६–२०१४) यांच्याकडे आले. हॉलिवुडमधील ठरीव भूमिकांना कंटाळून ग्रीव्ह्‌ज १९५२ मध्ये कॅनडास गेले होते व तेथील राष्ट्रीय चित्रपट मंडळात अनुबोधपटाचे शिक्षण घेऊन परतले होते. त्यांच्या कार्यकालात ही मालिका नव्या निर्मात्यांची कार्यशाळाच बनली. अँडरसन व सेंट क्लेअर बोर्न (१९४३–२००७) यांनी तिच्यासाठी काम केले.

अँडरसन यांचा ‘आय ॲम समबडी’ (१९७०) हा ३० मिनिटांचा चित्रपट या काळाचे उत्तम उदाहरण होय. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे १९६९ मध्ये रुग्णालयातील ४०० हून अधिक कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. अँडरसन यांनी उपलब्ध वृत्तचित्रणाचाही उपयोग केला, पण त्याची नव्याने जुळणी केली आणि निवेदन संपात उतरलेल्या एका स्त्रीच्या तोंडी दिले. मूळ वृत्तचित्रणात केवळ गर्दी म्हणून दिसणाऱ्या स्त्रिया त्यामुळे स्वतःची बाजू मांडणाऱ्या व्यक्ती ठरल्या. कॅमेरा दुसऱ्याचा असला, तरी संकलन व निवेदन आपल्या हाती आल्यास अर्थ किती पालटतो, हे या चित्रपटाने दाखवून दिले.

विद्यापीठीय प्रयोग : लॉस अँजेल्समधील वॉट्स भागात १९६५ मध्ये झालेल्या उद्रेकानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तेथील चित्रपट विभागात वांशिक अल्पसंख्य विद्यार्थ्यांना मुद्दाम प्रवेश देण्यात आला. चार्ल्स बर्नेट, हाइले गेरिमा, जूली डॅश, बेन कॉल्डवेल, बार्बरा मॅकलॉ इ. विद्यार्थी त्यातून पुढे आले. त्यांच्या गटास पुढे समीक्षकांनी ‘एल. ए. रिबेलियन’ असे नाव दिले. हे निर्माते एकमेकांच्या चित्रपटांत कधी छायालेखक, तर कधी ध्वनिमुद्रक म्हणून काम करीत. बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ (१९७८) हा कथापट असला, तरी वॉट्समधील रहिवाशांना घेऊन सुट्टीच्या दिवसांत केलेले त्याचे चित्रण अनुबोधपटाच्या जवळ जाते. त्यातील संगीताचे हक्क मिळविलेले नसल्याने चित्रपटगृहांतील रीतसर प्रदर्शनासाठी त्याला २००७ पर्यंत थांबावे लागले.

कुटुंब व स्वत्व : १९८० नंतर सभा-संपांबरोबरच घराच्या आतही कॅमेरा वळला. चित्रकार-शिल्पकार कॅमिल बिलप्स (१९३३–२०१९) व त्यांचे पती जेम्स हॅच (१९२८–२०२०) यांनी ‘सुझॅन, सुझॅन’ (१९८२) या सु. अर्ध्या तासाच्या चित्रपटात बिलप्स यांच्या भाचीची कहाणी सांगितली. वडिलांची मारहाण व त्यानंतरचे अमली पदार्थांचे व्यसन यांविषयी ती बोलते. आईही त्याच मारहाणीला बळी पडत होती, हे मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या असताना उघड होते. सुखी कुटुंबाचे जुने घरगुती चित्रण मध्ये मध्ये दाखविल्याने वरवरचे चित्र व प्रत्यक्ष स्थिती यांतील अंतर जाणवत राहते. बाहेरच्या जगाने आधीच बदनाम केलेल्या समाजाने आपले दोष चव्हाट्यावर आणावेत काय, हा आक्षेप अशा चित्रपटांसंबंधी घेतला जातो. निर्दोष प्रतिमा हीदेखील एक सक्तीच असते, असे उत्तर या चित्रपटातून मिळते.

मार्लन रिग्ज (१९५७–९४) यांनी ‘टंग्ज अनटाइड’ (१९८९) या ५५ मिनिटांच्या चित्रपटात समलिंगी कृष्णवर्णीय पुरुषांचे जीवन काव्य, नृत्य व आत्मकथन यांच्या साहाय्याने मांडले. गोऱ्या समाजातील वर्णद्वेष आणि स्वतःच्या समाजातील तिरस्कार या दोहोंच्या कात्रीत सापडलेला माणूस हा त्याचा विषय होय. १९९१ मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या अनेक केंद्रांनी तो दाखविण्याचे नाकारले व सरकारी अनुदानाच्या वापराविषयी राजकीय वाद उसळला. ‘समाज’ हा एकजिनसी नसतो, ही जाणीव या कृतीमुळे परंपरेत दृढ झाली.

वस्तीपातळीवरील निर्मिती : लुई मसाया यांनी १९८२ मध्ये फिलाडेल्फियात स्क्राइब व्हिडिओ सेंटर स्थापन केले. त्या शहरात १३ मे १९८५ रोजी पोलिसांनी ‘मूव्ह’ या कृष्णवर्णीय गटाच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला. ५ मुलांसह ११ जण ठार झाले व ६१ घरे जळाली. मसाया यांच्या ‘द बाँबिंग ऑफ ओसेज ॲव्हेन्यू’ (१९८६) या चित्रपटात या घटनेकडे शेजाऱ्यांच्या दृष्टीने पाहिले आहे. त्याचे लेखन व निवेदन लेखिका टोनी केड बंबारा (१९३९–९५) यांचे आहे. स्क्राइब केंद्राच्या ‘प्रेशस प्लेसेस’ या उपक्रमात वस्तीतील संघटना स्वतः स्थळ निवडते, अनुभवी निर्माता तांत्रिक मार्गदर्शन करतो, अभ्यासक इतिहासाची बाजू सांभाळतो आणि रहिवासी स्वतः छोटा अनुबोधपट तयार करतात. येथे निर्माता व विषय यांतील भेद जवळजवळ नाहीसा होतो.

नवी पिढी : अंकीय कॅमेरे व महाजाल यांमुळे एकविसाव्या शतकात निर्मिती सुलभ झाली. द न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑप-डॉक्स’ या विभागासारखी नवी व्यासपीठेही उपलब्ध झाली. ‘म्यूझिक बाय प्रूडन्स’ या झिंबाब्वेतील अपंग गायिकेवरील चित्रपटासाठी रॉजर रॉस विल्यम्स यांना २०१० मध्ये लघु-अनुबोधपटाचे ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन दिग्दर्शक होत.

गॅरेट ब्रॅडली यांच्या ‘अलोन’ (२०१७) या १३ मिनिटांच्या कृष्णधवल चित्रपटात तुरुंगातील प्रियकराशी विवाह करावा की नाही, या पेचात सापडलेली न्यू ऑर्लीन्समधील तरुण आई दिसते. याच विषयावरील दुसरा लघुपट तयार करीत असताना, ज्या स्त्रीवर तो बेतला होता तिने पतीच्या कारावासाच्या काळात केलेले सु. १०० तासांचे घरगुती चित्रण ब्रॅडली यांच्या स्वाधीन केले. त्यातून ‘टाइम’ (२०२०) हा पूर्ण लांबीचा चित्रपट घडला व त्यास सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. क्रिस बॉवर्स यांनी बेन प्राउडफुट यांच्यासह दिग्दर्शित केलेल्या ‘अ कॉन्चेर्टो इज अ कॉन्व्हर्सेशन’ (२०२०) मध्ये नातू आपल्या आजोबांशी बोलतो. फ्लॉरिडातील वर्णभेदातून बाहेर पडून लॉस अँजेल्सला आलेल्या या आजोबांना बँकेत समक्ष गेल्यावर कर्ज नाकारले जाई. टपालाने अर्ज केल्यावर मात्र ते मिळाले. एवढ्या एका तपशिलातून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांतील अव्यक्त भेदभाव स्पष्ट होतो.

सोफिया नाली ॲलिसन यांचा ‘अ लव्ह साँग फॉर लटाशा’ (२०१९) हा १९ मिनिटांचा चित्रपट या परंपरेतील मूळ प्रश्न सर्वांत थेटपणे हाताळतो. लटाशा हार्लिन्स ही १५ वर्षांची मुलगी १६ मार्च १९९१ रोजी लॉस अँजेल्समधील एका दुकानात, संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या वादात दुकानदार स्त्रीच्या गोळीने ठार झाली. आरोपीस कारावास झाला नाही. या प्रकरणाविषयीचा क्षोभ १९९२ च्या दंगलीमागील एक कारण ठरला. दुकानातील पहाऱ्याच्या कॅमेऱ्याने टिपलेले तिच्या मृत्यूचे दृश्य दूरचित्रवाणीवर वारंवार दाखविले गेले होते. ॲलिसन यांनी ते वापरण्याचे कटाक्षाने टाळले. चुलत बहीण व जिवलग मैत्रीण यांच्या आठवणी, अनुप्राणन आणि वस्तीतील मुलींची दृश्ये यांतून त्यांनी लटाशाचे जगणे उभे केले. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येचे एका मुलीने भ्रमणध्वनीवर केलेले चित्रण न्यायालयात निर्णायक पुरावा ठरले. तेव्हा अशा दृश्यांची आवश्यकता कोणी नाकारीत नाही. परंतु पुरावा म्हणून घेतलेले दृश्य हेच त्या व्यक्तीचे एकमेव चित्र म्हणून उरू नये, असा या निर्मात्यांचा आग्रह आहे.

मर्यादा व भवितव्य : लघुपटास चित्रपटगृहांतून उत्पन्न जवळजवळ नसते, महोत्सव, अनुदाने, ग्रंथालये व सार्वजनिक दूरचित्रवाणी यांवर त्याची भिस्त असते. १९७९ मध्ये स्थापन झालेली नॅशनल ब्लॅक प्रोग्रॅमिंग कन्सॉर्शियम (पुढे ‘ब्लॅक पब्लिक मीडिया’) ही संस्था अशा निर्मितीस साहाय्य करते. तथापि सार्वजनिक प्रसारणास मध्यवर्ती निधी पुरविणाऱ्या महामंडळाचे अनुदान काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये रद्द केले, त्यामुळे हा आधार खिळखिळा झाला. जतनाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. जोन्स यांची रिळे, ‘सुझॅन, सुझॅन’, ‘आय ॲम समबडी’ व ‘टंग्ज अनटाइड’ यांचा राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश झाला, तो अनुक्रमे २०१६, २०१६, २०१९ व २०२२ मध्ये, म्हणजे निर्मितीनंतर तीन ते नऊ दशकांनी. अंकीय चित्रण फितीपेक्षा स्वस्त असले, तरी ते आपोआप टिकत नाही. साधने व नमुने बदलताच ते वाचता येईनासे होते. घरोघरी व वस्तीवस्तीत साठलेले असे चित्रण वेळीच गोळा करणे, त्याची सूची करणे आणि ते ज्या समाजाचे आहे त्याला उपलब्ध ठेवणे, यांवर या चित्रपटप्रकाराचे पुढील कार्य मुख्यतः अवलंबून आहे.