आचोळ्यातील राजदूत ३५०

एस्कॉर्ट्‌सने यामाहाच्या परवान्याखाली १९८३ साली बाजारात आणलेली, ३४७ सीसीची, दोन सिलिंडरांची ही टू-स्ट्रोक गाडी नालासोपाऱ्यातील आचोळ्याच्या खाऱ्या, दमट हवेत जतन करावयाची, तर दोन्ही कार्बोरेटरांचे ट्यूनिंग एकसारखे राखणे अत्यंत अगत्याचे. कारण अ‍ॅक्सिलरेटर पिळताच दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या नाहीत, तर एक सिलिंडर राबतो आणि दुसरा, कचेरीतील कामचुकार कारकुनाप्रमाणे, केवळ हजेरी लावतो. सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटही दोन. टायमिंग प्रत्येकाचे स्वतंत्र. ऑइल पंपाची केबल सैल राहिल्यास पिस्टन जाम होण्यास अवकाश लागत नाही. पुढील ब्रेक ड्रमचाच असल्याने आचोळे रोडच्या गर्दीत संयम बाळगावा. सहा गिअरांचा खरा अंमल पहाटेच्या अहमदाबाद महामार्गावरच अनुभवावा, अर्थात नोंदणीच्या पंचवार्षिक नूतनीकरणाची मुदत टळलेली नसेल तर!