‘फरक आढळला नाही’ म्हणजे नेमकं काय?

तीस-तीस रुग्णांचे दोन गट. एका गटाला नवी उपचारपद्धती, दुसऱ्याला नेहमीचीच. महिनोन्‌महिने खपून मोजमापं घेतली जातात, आकडेमोड होते आणि शोधनिबंधाच्या शेवटी वाक्य येतं : दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वाचणारा समजतो, उपचार निरुपयोगी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी अशा निबंधांना एक साधा प्रश्न विचारला. फरक खरोखर असता, तर तो तुमच्या प्रयोगाला दिसला असता का?

हा प्रश्न निव्वळ गणितज्ञाला सुचला नसता, असं मला वाटतं. कोहेन मुळात चिकित्सालयीन मानसशास्त्रातले. 1923 साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, 1950 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट, मग काही वर्षं माजी सैनिकांच्या रुग्णालयांत काम. माणसाचं मन मोजताना मोजमाप किती डळमळतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. 1959 मध्ये ते न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवायला गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

तिथे रुजू झाल्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी एक सूत्र मांडलं. प्रश्न असा होता : दोन डॉक्टर एकाच रुग्णाला एकमेकांना न विचारता तपासतात, तेव्हा त्यांचं एकमत किती खरं मानायचं? समजा, 100 रुग्णांपैकी 84 जणांबाबत दोघांचं निदान जुळलं. आकडा भरघोस वाटतो. पण दोघेही शंभरातल्या 20 जणांनाच नैराश्य असल्याचं सांगत असतील, तर डोळे मिटून नावं निवडली तरी 68 ठिकाणी त्यांचं जुळेल, कारण बहुतेकांना दोघेही ‘नाही’च म्हणणार. योगायोगाने जुळणारे 68 बाजूला काढले, तर उरलेल्या 32 पैकी खरं एकमत 16 चं. म्हणजे निम्मंच. हाच कोहेन यांचा ‘कॅपा’. आज क्ष-किरण चित्रं वाचणाऱ्या दोन तज्ज्ञांची तुलना करतानाही तो सर्रास वापरतात.

पण त्यांचं खरं मोठं काम 1962 चं. मानसशास्त्रातल्या एका नामांकित नियतकालिकाचा 1960 सालचा खंड त्यांनी उघडला आणि त्यातले 70 निबंध एकेक करून तपासले. प्रत्येकाचा नमुना केवढा, चाचणी कोणती, आणि मध्यम आकाराचा फरक खरोखर अस्तित्वात असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता किती? सरासरी निघाली 0.48. म्हणजे फरक असूनही निम्म्याहून जास्त वेळा तो निसटणार. फरक लहान असेल तर शक्यता 0.18 वर येत होती. संशोधकांची मेहनत, रुग्णांनी दिलेला वेळ, संस्थेचा पैसा, यातलं कितीतरी प्रयोग सुरू होण्याआधीच वाया गेलेलं होतं.

या शक्यतेलाच संख्याशास्त्रात चाचणीची ‘पॉवर’ म्हणतात. ती संकल्पना कोहेन यांची नव्हे. जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी ती तीन दशकं आधी मांडली होती. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र ती पोहोचलीच नव्हती. कोहेन यांच्या उमेदीच्या काळात गटात तीस माणसं पुरेशी, असं सगळेच धरून चालत. पुढे त्यांनी हिशेब केला तेव्हा मध्यम फरक पकडायची तीस-तीसच्या गटांची शक्यता 0.47 भरली. ती 0.80 वर न्यायची तर प्रत्येक गटात 64 माणसं हवीत, आणि फरक लहान असेल तर 393.

लहान, मध्यम आणि मोठा म्हणजे किती? 1969 च्या पुस्तकात त्यांनी 0.2, 0.5 आणि 0.8 हे आकडे सुचवले. दोन सरासऱ्यांतलं अंतर प्रमाण विचलनाने भागलं की हा आकडा मिळतो. पंधरा आणि सोळा वर्षांच्या मुलींच्या उंचीतला फरक लहान, चौदा आणि अठरा वर्षांच्या मुलींतला मध्यम, तर तेरा आणि अठरा वर्षांच्या मुलींतला मोठा, अशी उदाहरणंही दिली. मध्यम फरक बारकाईने पाहणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी जाणवावा, ही त्यामागची कल्पना. दुसरा काही आधार नसेल तेव्हाच हे आकडे वापरा, असं त्यांनी बजावलं होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही. आजही कित्येक प्रबंधांत ‘0.5, म्हणून मध्यम’ एवढं लिहून विद्यार्थी मोकळे होतात. 0.5 कशातला, कुणाच्या आयुष्यातला, हे विचारायचं राहूनच जातं.

1975 मध्ये पत्नी पॅट्रिशिया कोहेन यांच्यासोबत त्यांनी समाश्रयण (रिग्रेशन) विश्लेषणावर लिहिलेला ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला. पॉवरचा इशारा मात्र कुणी कानावर घेईना. 1989 मध्ये सेडलमायर आणि गिगरेंझर या संशोधकांनी कोहेन यांचीच पद्धत 1984 च्या निबंधांना लावली. चोवीस वर्षांत सुधारणा शून्य.

दुबळ्या प्रयोगाचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. नमुना लहान असला की योगायोगाने फुगलेला फरकच ‘लक्षणीय’ ठरण्याची पायरी ओलांडतो. छापून येतो तो तेवढाच, आणि पुढच्याला तो पुन्हा सापडत नाही. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 प्रयोग नव्याने केले गेले. मूळ निबंधांपैकी 97 टक्क्यांत लक्षणीय निकाल होता. पुनरावृत्तीत तो 36 टक्क्यांतच मिळाला. ते पाहायला कोहेन नव्हते. 1998 मध्येच ते गेले.

त्यांच्या 1990 च्या एका लेखातलं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ॲस्पिरिनमुळे हृदयविकाराचा झटका टळतो का, हे पाहायला अमेरिकेत 22,071 डॉक्टरांवर चाचणी झाली. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत 104 जणांना झटका आला, न घेणाऱ्यांत 189 जणांना. सहसंबंधाचा आकडा निघतो जेमतेम 0.034, कोहेन यांच्याच तक्त्यात तो ‘लहान’ म्हणण्याइतकाही नाही. तीस-तीसच्या गटांत तो कधीच दिसला नसता. पण 189 आणि 104 यांच्यातला फरक 85 माणसांचा आहे, आणि तो इतका स्पष्ट दिसला की चाचणीचा हा भाग ठरलेल्या मुदतीआधीच थांबवण्यात आला.