मोटारीतील सबवूफरची जोडणी व अ‍ॅम्प्लिफायरचा संरोध : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्यात ऐन उन्हाळ्यात लग्नसराई असते आणि पावसाळा सरताना गणेशोत्सव येतो. मराठवाड्यात इतरत्र दिसते त्याप्रमाणे येथेही या प्रसंगी मोटारीच्या डिकीत किंवा छोट्या मालवाहू गाडीवर सबवूफरच्या पेट्या वाजताना आढळतात. या पेट्या परस्परांना कशा जोडाव्यात, हा निर्णय बहुधा कारागिराच्या अनुभवावर सोपविला जातो. ‘ओहम जितके कमी, तितका आवाज जास्त’ असा एक समज त्यामागे असतो. हा समज अर्धा खरा आहे; उरलेला अर्धा भाग अ‍ॅम्प्लिफायर जळाल्यावर ध्यानात येतो. माध्यमिक शाळेत शिकविल्या जाणाऱ्या ओहमच्या नियमाच्या आधारे या जोडणीमागील तत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

संरोधाचे स्वरूप :

प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहास मंडलातून होणाऱ्या एकूण विरोधास संरोध म्हणतात. सबवूफरवर छापलेला ‘४ ओहम’ हा आकडा स्थिर नसून नाममात्र असतो. मल्टीमीटरने त्याच वेटोळ्याचा रोध मोजल्यास तो साधारणतः ३.२ ते ३.६ ओहम भरतो, तर अनुनादाच्या वारंवारतेस संरोध त्याच्या कित्येक पट वाढतो. घरगुती ध्वनिक्षेपक बहुधा ८ ओहमचे आणि मोटारीतील ४ ओहमचे का असतात, याचे उत्तर बॅटरीत आहे. इंजिन चालू असताना मोटारीत जेमतेम १४ व्होल्ट दाब मिळतो. तेवढ्यावर चालणाऱ्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरमधून ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकास २५ वॅटच्या आसपासच शक्ती देता येते; ८ ओहम असता तर ती निम्मी झाली असती. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा दाब आतच वाढवून घेतला जातो.

जोडणीचे गणित :

एकसर जोडणीत संरोधांची बेरीज होते. समांतर जोडणीत समान संरोधास ध्वनिक्षेपकांच्या संख्येने भागावे लागते. त्यामुळे ४ ओहमचे दोन सबवूफर एकसर जोडल्यास ८ आणि समांतर जोडल्यास २ ओहम होतात. चार असतील तर दोन-दोनांच्या एकसर जोड्या करून त्या जोड्या समांतर जोडाव्यात, म्हणजे एकूण संरोध पुन्हा ४ ओहमच राहतो. ही जोडणी सर्वांत निर्धोक असूनही तिचा विचार क्वचितच होतो. तेच चार सरसकट समांतर जोडले की १ ओहम उरतो.

हा फरक किती मोठा आहे ? अ‍ॅम्प्लिफायर २० व्होल्ट देत असेल, तर ४ ओहमला ५ अँपिअर व १०० वॅट, २ ओहमला १० अँपिअर व २०० वॅट आणि १ ओहमला २० अँपिअर व ४०० वॅट असा हिशेब होतो. अ‍ॅम्प्लिफायर किमान २ ओहमसाठी बनविलेला असल्यास शेवटचा भार त्याच्या ट्रान्झिस्टरना पेलवत नाही. ब्रिज पद्धतीत दोन चॅनेल एकत्र केले असता प्रत्येक चॅनेलला निम्माच संरोध भासतो, म्हणजे ४ ओहमचा भार तेथे २ ओहमसारखा वागतो. बहुतेक बिघाडांचे मूळ येथे शोधावे.

दुहेरी वेटोळ्यांच्या सबवूफरबाबत खरेदीपूर्वीच आकडेमोड करणे इष्ट ठरते. प्रत्येकी ४ ओहमची दोन वेटोळी असलेले दोन सबवूफर घेतल्यास, सर्व वेटोळ्यांना सारखी शक्ती मिळेल अशा जोडणीत १, ४ किंवा १६ ओहमच मिळतात. २ ओहम मिळत नाही. त्यासाठी २ ओहमची वेटोळी असलेले सबवूफर हवेत. भिन्न संरोधाचे सबवूफर एकत्र करणे तर टाळावेच. ४ व ८ ओहमचे सबवूफर एकसर जोडल्यास ८ ओहमवाला दुप्पट शक्ती घेतो, समांतर जोडल्यास ४ ओहमवाला. दोन्ही प्रकारे एकावर अधिक भार पडतो.

उष्णता आणि आवाज :

परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि बंद डिकीत त्याहूनही वर. वेटोळ्यातील तांब्याचा रोध दर अंशास सुमारे ०.३९ टक्के वाढतो. वेटोळे ४५ वरून १४५ अंशांवर गेले की रोध एक-तृतीयांशाहून अधिक वाढतो, शक्ती सुमारे चतुर्थांशाने घटते आणि आवाज दबतो. वाजविणारा मग आवाजाचे बटण वाढवितो. अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा ओलांडली जाऊन तरंगाची टोके छाटली जातात आणि वेटोळे अधिकच तापते.

मिळकत मात्र अल्प असते. शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबल वाढतात. ४ ओहमवरून १ ओहमवर येऊन चौपट प्रवाह ओढला, तरी हाती फक्त ६ डेसिबल पडतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे मोजमाप ‘ए’ मापश्रेणीत होते आणि तीत ५० हर्ट्झचा ध्वनी सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. शेजारच्या खिडक्यांची तावदाने थरथरत असतानाही मापकावरील आकडा त्यामानाने सौम्य दिसतो, तो यामुळेच.

जोडणीची तपासणी :

तारा अ‍ॅम्प्लिफायरला लावण्यापूर्वी संपूर्ण जोडणीच्या दोन टोकांमधील रोध मल्टीमीटरने मोजावा. चार सबवूफरच्या मिश्र जोडणीत तो साडेतीन ओहमच्या जवळपास यावा. एकाहून कमी दिसल्यास सर्वच समांतर जोडले गेले आहेत, असे समजावे. त्यानंतर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. सर्व पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. एखादा उलट हलत असेल, तर त्याच्या तारा अदलाबदल झालेल्या असतात आणि तो इतरांचा मंद्र ध्वनी खोडून काढतो.