तांब्याची पारख : चकाकी नव्हे, सचोटी

तांब्याचे भांडे काळवंडले की चिंच-मीठ लावून ते लख्ख करण्याची आपल्या घरांतील रीत जुनी आहे. भांड्यासाठी ती योग्यच. परंतु तीच रीत जुन्या नाण्यास लावली, तर त्याचे संग्रहमूल्य काही क्षणांत घसरते आणि ते पुन्हा मिळवता येत नाही. अमेरिकेच्या आरंभीच्या ताम्रनाण्यांची पारख याच सूत्राभोवती फिरते.

अमेरिकेची टांकसाळ १७९२च्या कायद्याने फिलाडेल्फिया येथे स्थापन झाली. १७९३ ते १८५७ या काळात तेथे मोठा सेंट आणि अर्धा सेंट ही तांब्याची नाणी पाडली गेली. आरंभीच्या ठशांवर कारागिरांचे बरेच काम हाताने होई. त्यामुळे अंक, अक्षरे व पाने यांची मांडणी ठशागणिक बदलते. पुढे चकत्या इंग्लंडमधील मॅथ्यू बोल्टन यांच्याकडूनही मागविल्या जात. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी १७९१ साली तांब्याची नाणी पाडणारे ते हेच बोल्टन होत.

नाणे हाती आले की दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : ते किती झिजले आहे, आणि त्यात कोणी ढवळाढवळ केली आहे काय?

पहिल्या प्रश्नासाठी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मोठ्या सेंटकरिता १ ते ७० अशी श्रेणी मांडली. तीच पुढे सर्व अमेरिकन नाण्यांस रूढ झाली. झीज प्रथम उंच भागांवर, म्हणजे केसांच्या बटांवर व पानांच्या कडांवर दिसते. मात्र ठसा नीट न उमटल्यामुळे आलेला अस्पष्टपणा ही झीज नव्हे. तांब्याच्या जाणकारांत आणखी एक शिस्त आहे : प्रथम झिजेवरून अंक ठरवावा, मग गंजाचे खड्डे, ओरखडे, ठोके यांबद्दल त्यातून वजावट करावी. तीस अंकांची स्पष्टता असलेले नाणे गंजामुळे पंधरावर उतरू शकते. ढोबळ नफ्यातून खर्च वजा करून निव्वळ नफा काढावा, तसाच हा हिशेब.

दुसरा प्रश्न अधिक कठीण. नवे तांबे लालसर असते. काळाच्या ओघात ते तपकिरी होते. गुळगुळीत, सौम्य झळाळीचा तपकिरी रंग ही नैसर्गिकतेची खूण होय. घासलेले नाणे गुलाबी-नारिंगी व निर्जीव भासते; रसायनाने पुन्हा रंगविलेले नाणे सर्वत्र एकसारखे, सपाट दिसते. झिजलेले केस सुईसारख्या हत्याराने पुन्हा कोरल्याचेही आढळते.

मग अस्सलपणा. आरंभीच्या सेंटचे ठरलेले वजन २०८ ग्रेन, म्हणजे सुमारे १३.५ ग्रॅम होते; १७९५च्या अखेरीस ते १६८ ग्रेन, म्हणजे सुमारे १०.९ ग्रॅम झाले. वर्ष व वजन जुळत नसेल तर सावध व्हावे. विद्युत्-विलेपनाने घडविलेल्या नकलेत दोन पातळ कवचे जोडलेली असतात. कडेवर सांधा दिसतो व नाद बद्द येतो. १७९९चा सेंट दुर्मीळ असल्याने १७९८च्या नाण्यातील अंतिम अंक बदलून तो 'घडविला' जातो. अशा वेळी ज्ञात ठशांशी मांडणी ताडून पाहावी. दोन निरनिराळ्या नाण्यांवर एकाच जागी तंतोतंत तेच ओरखडे आढळले, तर दोन्ही संशयास्पद समजावीत.

या विद्येतील सर्वांत बोलका धडा खुद्द शेल्डन यांच्याच नावावर आहे. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांनी त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे सेंट ठेवले, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. पुरावा ठरली ती जुनी छायाचित्रे. प्रत्येक नाण्याच्या खुणा त्यांत नोंदल्या गेल्या होत्या. ज्याने मोजपट्टी दिली, त्याच्याच हाताने संग्रहात खोट आली.

म्हणून विक्रेत्याच्या नावलौकिकावर विसंबू नये. वजनकाटा व दहापट भिंग वापरावे, दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे ठेवावीत, परताव्याची हमी लेखी घ्यावी. आणि घरात वारशाने आलेले जुने नाणे असेल, तर चिंच-मीठ त्यापासून दूरच ठेवावे.