युद्ध जिंकलं, पण तहात हरलं?

'मॅट्रिक्स'चा पहिला भाग आवडला नाही असं म्हणणारा माणूस शोधावा लागतो. तिसऱ्या भागाबद्दल मात्र दोघांचं एकमत झालेलं शोधावं लागतं. 'द मॅट्रिक्स रिव्होल्यूशन्स' ५ नोव्हेंबर २००३ला जगभरातल्या कित्येक शहरांत एकाच क्षणी पडद्यावर आला. तेव्हा तुमच्यापैकी अनेकांचा जन्मही झाला नव्हता. तरी आज कोणी मोबाइलवर तिन्ही भाग सलग बघितले, की सकाळच्या डहाणू लोकलमध्ये वाद ठरलेला. 'शेवटी पार वाट लावली राव!' विरुद्ध 'तुला तो कळलाच नाही!'

(ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी इथेच उतरावं. पुढे सगळा शेवट फोडलाय.)

आकडे नाराज मंडळींच्या बाजूने आहेत. १९९९च्या पहिल्या भागाला चार ऑस्कर मिळाले, तिसऱ्याला साधं एक नामांकनही नाही. मे २००३मध्ये आलेल्या 'रिलोडेड'ने जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलर कमावले. सहाच महिन्यांनी आलेल्या तिसऱ्याची गाडी ४३ कोटींच्या आसपास थांबली. पण नुसता 'फसला' असा शिक्का मारून मोकळं व्हावं, तर त्याच्या बाजूने तावातावाने बोलणारेही वीस वर्षांनंतर तेवढेच भेटतात. असं का?

सहा महिन्यांची थिअरी

पहिलं कारण त्या सहा महिन्यांत आहे. 'रिलोडेड'च्या शेवटी निओ खऱ्या जगात नुसता हात पुढे करून यंत्रांना थांबवतो. खऱ्या जगात! मग प्रेक्षकांनी डोकं लढवलं: म्हणजे झायन हे माणसांचं शहरही खोटंच असणार. मॅट्रिक्सच्या बाहेर आणखी एक मॅट्रिक्स. थिअरी भन्नाट होती. तिसऱ्या भागाने ती हातही न लावता बाजूला ठेवली. निओची ताकद उगमापर्यंत पोचते, एवढं ओरॅकल सांगते आणि विषय संपतो. ओरॅकलचा चेहराही बदललेला, कारण ती भूमिका करणाऱ्या ग्लोरिया फॉस्टर २००१मध्ये वारल्या आणि त्यांच्या जागी मेरी अ‍ॅलिस आल्या.

वर झायनच्या गोदीतली लढाई लांबतच जाते. निओ, ट्रिनिटी, मॉर्फियस तिथे जवळपास दिसतच नाहीत. काळा गॉगल, लांब कोट आणि 'खरं म्हणजे काय?' हा प्रश्न घेऊन आलेल्या प्रेक्षकाला पुढ्यात मिळते ती घामाघूम युद्धकथा. त्याचा राग समजण्यासारखा आहे.

स्टेशनावरचं भारतीय कुटुंब

पण खरी फाटाफूट त्या लढाईच्या बरीच आधी झालेली असते. सुरुवातीलाच निओ एका पांढऱ्याफटक स्टेशनात अडकतो. नाव 'मोबिल अ‍ॅव्हेन्यू'. 'मोबिल'ची इंग्रजी अक्षरं फिरवली की 'लिंबो' होतं, आपल्या भाषेत त्रिशंकू अवस्था. निओ रुळांवरून एका दिशेला पळतो आणि दुसऱ्या बाजूने त्याच प्लॅटफॉर्मवर येतो. गाडी येणार ट्रेनमॅनच्या मर्जीने. विरारच्या पुढे राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

तिथे त्याला एक जोडपं भेटतं: रामा-कांद्रा, कमला आणि त्यांची छोटी सती. तिघंही माणसं नाहीत, प्रोग्रॅम आहेत. यंत्रांच्या जगात सतीचा काही उपयोग नाही, आणि उपयोग नसेल तर डिलीट. म्हणून आईबाप लेकीला लपवून दुसरीकडे पाठवतायत. प्रोग्रॅम प्रेमाबद्दल बोलतोय हे ऐकून निओ चक्रावतो. रामा-कांद्रा त्याला शांतपणे सांगतो, की प्रेम हा एक शब्द आहे. महत्त्वाचं आहे ते त्या शब्दामागचं नातं.

ज्यांना हा प्रसंग 'उगाच घुसडलेला' वाटतो, त्यांना शेवट आवडत नाही, असं माझं निरीक्षण आहे. पहिल्या भागात यंत्रं म्हणजे शत्रू, विषय संपला. इथे शत्रूच्या घरातही पोर वाचवायला धडपडणारे आईबाप निघाले. हे एकदा मान्य केलं, की यंत्रांचा समूळ नाश झालाच पाहिजे असं म्हणता येत नाही. मग उरतो तो तह.

नावात क्रांती, शेवटी तह

आणि सिनेमा तेच करतो. आंधळा झालेला निओ यंत्रांच्या नगरीत जातो आणि सौदा करतो: हाताबाहेर गेलेल्या स्मिथला मी संपवतो, तुम्ही युद्ध थांबवा. स्वतःचा जीव देऊन तो शब्द पाळतो. यंत्रं परत फिरतात. पण मॅट्रिक्स चालूच राहतं. ज्यांना बाहेर पडायचंय ते सुटतील, बाकीचे आत झोपलेलेच.

क्रांती बघायला आलेल्याला हे 'युद्धात जिंकले, तहात हरले' वाटणारच. पण 'रिव्होल्यूशन'चा दुसरा अर्थ फेरी असाही होतो. झायन याआधी पाच वेळा उद्ध्वस्त झालंय, ही सहावी फेरी. पहिल्यांदाच चक्र मोडतं, तेही तहाने. आपण शाळेत पुरंदरचा तह शिकलो. १६६५मध्ये २३ किल्ले दिले, म्हणून गोष्ट तिथे संपली नाही. तहाने पुढच्या डावासाठी उसंत मिळाली.

तारापूरहून बघताना

बोईसर-तारापूरकडून बघताना हा वाद आणखी जवळचा होतो. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९पासून इथे उभं आहे, शेजारी एमआयडीसी. दुसऱ्या भागात झायनचा एक म्हातारा सल्लागार निओला शहराच्या तळाशी नेतो. हवा, पाणी, उजेड पुरवणारी यंत्रं दाखवतो आणि विचारतो, ही बंद केली तर आपलं काय होईल? घरातला पगार कारखान्यातून येतो आणि खाडीतली मासळी त्याच कारखान्यांच्या सांडपाण्याने मरते, अशा घरांना तो प्रश्न रोजचा आहे. मांगेला समाजाची संघटना प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. यंत्राशेजारी राहायचंच असेल, तर अटी कोणत्या, हाच तो झगडा.

पण म्हणून नाराज मंडळी चूक ठरत नाहीत. निओने सौदा केला तेव्हा झायनमध्ये कोणाला विचारलं होतं? कुपीत झोपलेल्या कोट्यवधींचं मत कोणी घेतलं? तहाच्या वेळी समोर कोण बसलं होतं, हा प्रश्न अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी उठलेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या माणसांना विचारून बघा. तह चांगला की वाईट, हे त्याच्या कलमांवर ठरतं. सिनेमाने कलमं वाचून दाखवलीच नाहीत. ही तक्रार रास्त आहे, आणि 'मारामारी कमी पडली'पेक्षा कितीतरी वजनदार आहे.

शेवटी आर्किटेक्ट ओरॅकलला विचारतो, ही शांतता किती दिवस टिकेल? तिचं उत्तर साधारण असं, की जमेल तितके. २०२१च्या चौथ्या भागात त्याचा हिशेब कळतो: माणसं सुटत गेली, तशी यंत्रांना वीज कमी पडली आणि यंत्रांची आपसांतच जुंपली.

तेव्हा लोकलमध्ये पुढच्या वेळी वाद निघाला, की समोरच्याला आधी 'शेवट आवडला का' विचारू नका. सतीला त्या गाडीत बसू द्यायला हवं होतं का, ते विचारा. त्याच्या उत्तरातून पुढचं सगळं कळेल, आणि विरार येईपर्यंत भांडायला पुरेल.